थकलेलं डोकं वेगळं, दुखावलेलं मन वेगळं: आपत्कालीन पथकांसाठी पाऊलवार मार्गदर्शक

रुग्णवाहिकेवरचे तंत्रज्ञ, अग्निशमन जवान, शोध-बचाव पथकं, पोलीस आणि नियंत्रण कक्षात फोन घेणारे कर्मचारी यांच्या मानसिक आरोग्याचा विषय निघाला की दोन वेगळ्या गोष्टी 'ताण' या एकाच शब्दात कोंबल्या जातात. एक म्हणजे डोक्यावरचा भार. झोप अपुरी, कॉलमागून कॉल, आणि एकाच वेळी वायरलेस, रुग्ण, रडणारे नातेवाईक आणि औषधाचा डोस सांभाळायचा. दुसरी म्हणजे मनाला झालेली इजा. पाहिलेलं, ऐकलेलं किंवा करावं लागलेलं काहीतरी आत रुतून बसतं. पहिलीवर उपाय झोप आणि कामाची नीट मांडणी. दुसरीवर उपाय सोबत, वेळ आणि गरज पडली तर उपचार. गल्लत झाली की थकलेल्याला समुपदेशकाकडे पाठवतात आणि दुखावलेल्याला 'चार दिवस सुट्टी घे' म्हणतात. दोघंही होते तिथेच राहतात.

म्हणून सुरुवात ओळखण्यापासून. त्यानंतर ड्युटीच्या आधी, कॉलवर, कॉलनंतर, पहिले ३ दिवस आणि पहिला महिना अशा क्रमानं पुढे जाऊ.

भार की इजा, आधी ओळखा

भाराच्या खुणा कामात दिसतात. वायरलेसवर सांगितलेलं दोन मिनिटांत विसरायला होतं. पत्त्यातला एखादा अंक चुकतो. रोज न चुकता होणाऱ्या क्रमातली एक पायरी गळते. तीच ओळ दोनदा वाचावी लागते. बोलताना चिडचिड वाढते. अशा वेळी सलग दोन रात्री पुरेशी झोप मिळाली की फरक स्पष्ट दिसतो.

इजेच्या खुणा कामाबाहेरही पाठलाग करतात. विशिष्ट वास, किंकाळी किंवा रस्त्याचं एखादं वळण आलं की छातीत धस्स होतं. त्या प्रकारचा कॉल टाळण्यासाठी निमित्तं शोधली जातात. सुट्टीच्या दिवशीही झोप लागत नाही, लागली तर स्वप्नं पडतात. घरच्यांमध्ये बसलेलं असताना काहीच जाणवत नाही. दोन रात्रींच्या झोपेनं हे जात नाही.

तिसरा प्रकार बहुतेक वेळा नजरेतून सुटतो. त्याला नैतिक इजा म्हणतात. काय करायला हवं होतं ते माहीत होतं, पण करता आलं नाही. गाडी उशिरा निघाली, दोघांपैकी एकालाच आधी बाहेर काढता आलं, वरून आलेला आदेश पटला नाही. इथे मुख्य भावना भीतीची नसते. अपराधाची असते, किंवा संतापाची. त्यामुळे 'आता तू सुरक्षित आहेस' असं सांगून काही हलत नाही. निर्णय कोणत्या परिस्थितीत, किती माहितीवर आणि किती सेकंदांत घ्यावा लागला, हे जाणकार माणसासोबत शांतपणे उलगडावं लागतं.

भार आणि इजा एकत्रही येतात. इजा झोप पळवते आणि झोपेविना इजा चिघळते. अशा वेळी झोपेची व्यवस्था आधी लावा, पण 'आधी झोप सुधारू दे, मग बोलू' असं म्हणत बोलणं पुढे ढकलू नका.

ड्युटीच्या आधी: झोपेचा हिशेब

सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी मंदावते. २४ तासांनंतर ती ०.१० टक्क्यांच्या पातळीला पोचते. दारू पिऊन आलेल्याला कुणी रुग्णवाहिकेच्या चाकामागे बसू देणार नाही. २४ तास जागलेल्याला मात्र सर्रास बसवलं जातं.

शिफ्ट सुरू होताना प्रत्येकानं तीन आकडे सांगायचे. गेल्या २४ तासांत किती तास झोप झाली? गेल्या ४८ तासांत किती? आणि शिफ्ट संपेपर्यंत सलग किती तास जागरण होईल? पहिला आकडा ५ पेक्षा कमी, दुसरा १२ पेक्षा कमी, किंवा तिसरा आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा, यांतलं एक जरी असेल तरी त्या दिवशी त्या माणसाची कामं बदलायची. गाडी दुसऱ्यानं चालवायची. औषधाचा प्रत्येक डोस दोघांनी तपासायचा. पहिली निवांत वेळ मिळताच त्याला झोपवायचं.

ही पद्धत बहुतेक ठिकाणी एकाच कारणानं फसते. खरा आकडा सांगितला की पगार कापला जातो किंवा टोमणे मिळतात. मग आठवड्याभरात सगळेच 'सात तास' सांगू लागतात. म्हणून शिफ्ट प्रमुखानं स्वतःचा आकडा सर्वांत आधी आणि खरा सांगावा. कमी झोपेसाठी शिक्षा नको, फक्त कामाची अदलाबदल हवी.

रात्रपाळीच्या पहिल्या रात्रीआधी दुपारी सुमारे दीड तास झोपून घ्या. खोली काळोखी आणि थंड, फोन दुसऱ्या खोलीत. कॉफी-चहातलं कॅफीन शरीरातून निम्मं व्हायला साधारण ५ तास लागतात, म्हणून ठरलेल्या झोपेच्या किमान ६ तास आधी ते थांबवा. रात्रपाळी सकाळी ७ ला संपून ८ ला झोपायचं असेल, तर शेवटचा कप रात्री २ च्या आत.

ड्युटीवर डुलकी घेणं हा आळस नाही. नासानं लांब पल्ल्याच्या वैमानिकांवर केलेल्या अभ्यासात ४० मिनिटांची ठरवून दिलेली विश्रांती मिळालेले वैमानिक सरासरी २६ मिनिटं झोपले, आणि नंतरच्या कामात न झोपलेल्यांपेक्षा जास्त सावध राहिले. आपल्या कामात गजर २० ते २५ मिनिटांचा लावा. यापेक्षा लांब डुलकीत गाढ झोप लागते आणि उठल्यावर डोकं जड राहतं. डुलकीच्या अगदी आधी कॉफी घेतली तर तिचा परिणाम साधारण जाग येईपर्यंत सुरू होतो, कारण त्यालाही २० ते ३० मिनिटं लागतात.

झोपेतून एकदम उठून कॉलवर जाणं हा या कामातला सर्वांत दुर्लक्षिलेला धोका. उठल्यानंतरची पहिली १५ ते ३० मिनिटं मेंदू पूर्ण जागा नसतो, पण स्वतःला मात्र आपण जागे आहोत असंच वाटतं. त्या वेळात तीन नियम पाळा. पथकात जो जास्त वेळ जागा आहे त्यानं गाडी चालवायची. पत्ता मोठ्यानं दोनदा वाचायचा. कोणताही हिशेब डोक्यात करायचा नाही, तक्त्यावरून बघायचा.

कॉलवर: डोक्यातलं ओझं बाहेर काढा

१९५६ साली जॉर्ज मिलर यांनी माणसाच्या तात्पुरत्या स्मृतीची मर्यादा सात गोष्टींच्या आसपास सांगितली. पुढे नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये ती चारच्या जवळ असल्याचं मांडलं. घाबरलेल्या, तहानलेल्या, दमलेल्या माणसात ती आणखी आक्रसते. म्हणजे रक्तदाब, नाडी, दिलेलं औषध आणि ते दिल्याची वेळ एवढ्यानंच जागा भरली. त्यात कुणी पाचवी गोष्ट विचारली की आधीचं एखादं निसटतं. हा निष्काळजीपणा नव्हे, मेंदूची बांधणीच तशी आहे. उपाय एकच, लक्षात ठेवण्याचं काम वस्तूंना द्या.

मांडीवर पांढरी चिकटपट्टी लावून तिच्यावर वेळा लिहा. लहान मुलांच्या औषधांचे डोस वजनानुसार छापलेला तक्ता पिशवीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला हवा, तळाशी नव्हे. आदेश देताना नाव घ्या, ऐकणाऱ्यानं तो परत म्हणावा, काम झाल्यावर 'झालं' असं मोठ्यानं सांगावं. हवेत सोडलेला 'कुणीतरी सलाईन लावा' हा आदेश बहुतेक वेळा कुणीच पाळत नाही, कारण प्रत्येकाला वाटतं दुसऱ्यानं घेतला. औषध सिरिंजमध्ये भरताना त्या माणसाशी कुणी बोलायचं नाही. मध्येच व्यत्यय आला तर जिथे थांबलो तिथून नव्हे, एक पायरी मागून सुरू करायचं.

पथकात एकाचे हात मोकळे हवेत. त्यानं रुग्णाच्या अंगावर ओणवं व्हायचं नाही, दोन पावलं मागे उभं राहून पूर्ण चित्र बघायचं. तीव्र ताणात नजर आणि कान दोन्ही अरुंद होतात. रुग्णाच्या श्वासनलिकेशी झगडणाऱ्याला मॉनिटरचा गजर खरोखर ऐकू येत नाही. हात मोकळे असलेल्यानं अधूनमधून १० सेकंद सगळ्यांना थांबवून तीन गोष्टी बोलून दाखवायच्या: काय घडतंय, काय केलं, पुढे काय. दोघांचंच पथक असेल तर हे काम आलटून पालटून करा.

ताणाच्या क्षणी नवीन काही डोक्यात शिरत नाही. ऑगस्ट १९४९ मध्ये अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात मान गल्च इथल्या वणव्यात पथकाचा प्रमुख वॅग डॉज यानं अंगावर येणाऱ्या आगीपुढचं गवत स्वतःच पेटवलं आणि जळून गेलेल्या त्या पट्ट्यात आडवं होऊन जीव वाचवला. त्यानं सोबत्यांनाही तिथे बोलावलं. हा प्रकार त्यांना कुणी कधी शिकवलेला नव्हता, ते पुढे धावत राहिले. १३ जण गेले. म्हणून अवघड निर्णयांचा सराव आधी, शांत दिवशी आणि अनेकदा व्हायला हवा. उजळणीच्या पत्रकावर सही घेतली म्हणजे सराव झाला असं नाही.

घटनास्थळी जाताना गाडीत एक मिनिट श्वास: ४ मोजत आत, ६ मोजत बाहेर, साधारण सहा वेळा. डोळे उघडे ठेवून, सीटबेल्ट लावतानाही हे जमतं. लांब उच्छ्वासानं हृदयाची गती खाली येते आणि आवाज स्थिर होतो.

आता सर्वांत सहज पाळता येणारी आणि सर्वांत कमी पाळली जाणारी गोष्ट. जे पाहायची गरज नाही ते पाहू नका. काम नसलेल्यांनी मृतदेहाभोवती उभं राहायचं नाही. चेहरा शक्य तितक्या लवकर झाका. मृताच्या पाकिटातले फोटो, फोनवर लागोपाठ येणारे 'आई' नावाचे कॉल, मुलाचं दप्तर या वस्तू बघण्याचं काम ज्याचं आहे त्यानंच बघावं. अनोळखी देह अशा एका वस्तूनं कुणाचा तरी मुलगा होतो, आणि ते दृश्य मग सोडत नाही. मृतदेह बाहेर काढण्याचं काम लांबणार असेल तर पाळ्या लहान ठेवा आणि नव्या माणसाची जोडी जुन्याशी लावा.

नियंत्रण कक्षातल्या माणसांचं दुखणं निराळं आहे. त्यांना काही दिसत नाही, म्हणून त्यांना काही होत नाही असं गृहीत धरलं जातं. प्रत्यक्षात फोनवर एखाद्याचा श्वास थांबताना ऐकल्यावर डोकं उरलेलं चित्र स्वतः रंगवतं, आणि पुढे काय झालं ते कधीच कळत नाही. अशा कॉलनंतर हेडफोन काढून १० ते १५ मिनिटं उठू द्या. नियमात बसत असेल तर शेवट काय झाला ते सांगा, बातमी वाईट असली तरी. चौकशीसाठी रेकॉर्डिंग ऐकायचं असेल तर ते वरिष्ठानं ऐकावं, कॉल घेतलेल्याला पुन्हा पुन्हा ऐकवू नये.

कॉल संपल्यावर

आधी शरीर. पाणी प्या, हात-तोंड धुवा, डाग लागलेला गणवेश बदला, पोटात काहीतरी ढकला. मग गाडीजवळच ५ ते १० मिनिटं कामाचं बोलणं: काय घडलं, काय नीट झालं, पुढच्या वेळी काय बदलायचं, कुणाला आत्ता काही हवंय का. एवढंच. सगळ्यांना गोलात बसवून 'तुला काय वाटलं ते सांग' असा आग्रह धरू नका.

यामागे अनुभव आहे. १९८३ साली जेफ्री मिचेल यांनी मोठ्या घटनेनंतर गटानं बसून सगळं मोकळं करण्याची एक ठरावीक पद्धत मांडली आणि ती जगभर पसरली. पुढे अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतल्यावर दिसलं की एकाच बैठकीतली अशी उकल पुढचा मानसिक आजार टाळत नाही, काही अभ्यासांत तर ती घेतलेल्यांची अवस्था नंतर जास्त वाईट होती. कारणं समजण्यासारखी आहेत. शरीर अजून पेटलेलं असताना आठवण पुन्हा उगाळली जाते. ज्यानं पाहिलं नव्हतं त्यालाही दुसऱ्याच्या तोंडून सगळा तपशील मिळतो. आणि बैठक झाली म्हणजे कर्तव्य संपलं असं समजून नंतर कुणी विचारत नाही. सक्ती काढून टाका, नंतरची विचारपूस वाढवा.

घरी कोण कसं जाणार, हे शिफ्ट प्रमुखानं विचारायलाच हवं. रात्रभराच्या कॉलनंतर डुलक्या येत असतील तर गाडी चालवू द्यायची नाही.

पहिले ३ दिवस

दृश्यं डोळ्यांसमोर येणं, दचकणं, झोप मोडणं, भूक नसणं हे या काळात बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं. हे त्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना आधीच सांगून ठेवलं तर 'मला वेड लागतंय का' ही वेगळी भीती टळते. चालणं-व्यायाम चालू ठेवा, जेवणाच्या वेळा पाळा, विश्वासातल्या एका माणसाशी हवं तेवढंच बोला. त्या घटनेचे व्हिडिओ आणि बातम्या बघू नका.

दारूनं झोप लवकर लागते, पण रात्रीच्या उत्तरार्धात ती तुटते. बेंझोडायझेपिन वर्गातल्या झोपेच्या आणि शांततेच्या गोळ्याही इजा टाळण्यासाठी सुचवल्या जात नाहीत. त्यांची सवय मात्र लागते. ज्यांच्या हाताशी औषधांचा साठा आहे त्यांनी हे अधिकच जपावं.

सहकाऱ्यानं विचारायचं कसं? 'सगळं ठीक ना?' या प्रश्नाला 'हो' हे एकच उत्तर असतं. त्याऐवजी ठोस विचारा: 'कालचा कॉल अवघड होता. झोप लागली का?' 'तो आवाज अजून येतो का डोक्यात?' मग गप्प राहा. उत्तर यायला वेळ लागतो, आणि त्या शांततेत बहुतेक जण घाईनं स्वतःचाच किस्सा सुरू करतात. तो टाळा.

ब्रिटनच्या रॉयल मरीन्समध्ये सुरू झालेल्या एका पद्धतीत प्रशिक्षित सहकारी घटनेनंतर सुमारे ७२ तासांनी आणि पुन्हा महिन्याभरानं तोच आढावा घेतो. यात उपचार नसतो. माणूस सावरतोय की अडकलाय, एवढंच दोन वेळांच्या तुलनेतून कळतं. छोट्या पथकालाही हे जमतं: दोन तारखा वहीत लिहा आणि विचारणाऱ्याचं नाव आत्ताच ठरवा.

महिना उलटल्यावर

घटनेनंतर ३ दिवस ते १ महिना टिकणाऱ्या तीव्र लक्षणांना तीव्र ताण विकार म्हणतात. महिन्यानंतरही आठवणींचा मारा, टाळाटाळ, विचार आणि मनःस्थितीतला काळोख आणि सततची सावधता या चारही बाजूंनी त्रास राहिला आणि कामात-घरात अडथळा आला, तर आघातोत्तर ताण विकार, म्हणजेच पीटीएसडी, आहे का हे तज्ज्ञानं तपासायला हवं. त्यासाठी एखादी मोठी घटनाच घडायला हवी असं नाही. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या निदान-पुस्तिकेत कामाचा भाग म्हणून भीषण तपशिलांना वारंवार सामोरं जाणंही धरलं आहे, आणि मानवी अवशेष गोळा करणारे पहिले मदतनीस हे तिथलं उदाहरण आहे.

चाळणीसाठी पीसीएल-५ ही २० प्रश्नांची यादी वापरतात. गुण ० ते ८० आणि ३१ ते ३३ च्या पुढे गेले की तज्ज्ञाकडे जावं. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी, गुण ० ते २७, १० पासून पुढे लक्ष द्यावं. तिचा नववा प्रश्न जीव देण्याच्या विचाराचा आहे. त्याला शून्याव्यतिरिक्त कोणतंही उत्तर आलं तर एकूण गुण कितीही कमी असोत, त्याच दिवशी बोला. या याद्या निदान करत नाहीत. त्या वरिष्ठांच्या टेबलावर किंवा सेवापुस्तकात गेल्या तर पुढच्या वेळी सगळे शून्य लिहितील, म्हणून त्या कामाच्या साखळीबाहेरच्या माणसाकडेच राहू द्या.

पीटीएसडीवर चांगले उपचार आहेत. आठवणीला टप्प्याटप्प्यानं सामोरं नेणारी पद्धत साधारण ८ ते १५ सत्रांची असते. घटनेबद्दलच्या चुकीच्या निष्कर्षांवर काम करणारी पद्धत साधारण १२ सत्रांची. ईएमडीआर, म्हणजे डोळे इकडून तिकडे हलवत आठवणीवर काम करण्याची पद्धत, हा तिसरा पर्याय. सर्ट्रालीनसारखी नैराश्यावरची औषधंही मदत करतात. तज्ज्ञ निवडताना सरळ विचारा: 'तुम्ही आघातावर केंद्रित उपचार करता का? किती सत्रं लागतील? माझ्या शिफ्ट बदलत राहतात, ते कसं बसवाल?' पहिलं उत्तर गोलमोल असेल तर दुसरीकडे जा. सुरुवातीच्या सत्रांनंतर त्रास थोडा वाढतो आणि नेमके तिथेच बरेच जण उपचार सोडतात. त्या आठवड्यांत रात्रपाळी नको.

जीव देण्याची भाषा ऐकू आली तर

थेट विचारा: 'आत्महत्येचा विचार मनात येतो का?' विचारल्यानं तो विचार रुजत नाही. उत्तर 'हो' असेल तर पुढचं विचारा: काही ठरवलं आहे का, साधन जवळ आहे का, कधी. मग एकटं सोडू नका. शस्त्र, औषधांच्या कपाटाची किल्ली, गाडीची किल्ली दूर करा. या पेशात ही साधनं हाताशी असतात, त्यामुळे ही पायरी इथे फार महत्त्वाची. त्यानंतर मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात सोबत जा. फक्त पत्ता देऊन थांबू नका. 'हे कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. आधीच सांगा की जिवाचा प्रश्न आला तर मी आणखी एका माणसाला सांगणार, आणि कुणाला ते तुला आधी कळवणार.

शिफ्ट प्रमुखाच्या हातातलं

दोन ड्युट्यांत किमान ११ तासांचं अंतर. सलग रात्रपाळ्या शक्यतो तीनपर्यंत. पाळी बदलायची तर सकाळ, दुपार, रात्र या दिशेनं, कारण उलट दिशा शरीराला जड जाते. आधार देणारे सहकारी वरून नेमू नका. 'तुझ्यावर संकट आलं तर पथकातल्या कुणाशी बोलशील?' असं सगळ्यांना गुप्तपणे विचारा, दोन-तीन नावं आपोआप वर येतात. त्यांना प्रशिक्षण द्या, आणि त्यांचं ऐकायलाही कुणी आहे याची खात्री करा, नाहीतर वर्षभरात तेच कोलमडतात.

उपचारानंतर परत येणाऱ्याला पहिल्याच दिवशी पूर्ण ड्युटी देऊ नका. आधी कमी तास, दिवसपाळी, तिसरा माणूस म्हणून. मग नेहमीच्या जोडीदारासोबत. ज्या प्रकारच्या कॉलनं इजा झाली तसा पहिला कॉल कधीतरी येणारच. तो टाळत राहू नका, पण त्या दिवशी त्याला मुख्य जबाबदारी न देता दुय्यम द्या, मध्येच बाजूला होण्याची मुभा आधीच बोलून ठेवा, आणि ७२ तासांनंतरची तारीख त्याच वहीत लिहा.